दाब म्हटल्यावर

१

क्लचचं काम एकट्या माणसाचं न्हवं. एकजण गाडीखाली उताणा, दुसरा वर सीटवर. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दाबतो. खालचा आत हात घालतो, काय बघायचं ते बघतो, हात बाहेर काढतो आणि म्हणतो, "सोड." बास, एवढंच. पण ह्या दोन शब्दांवर शिरोली एमआयडीसीत माझी सगळी हयात गेली, आणि वर बसणारी हुती माझी बायको.

अक्काताई तिचं नाव. बाकीच्यांच्या बायका डबा देऊन माघारी जायच्या. ही डबा घेऊन आली की संध्याकाळपतोर शेडमधनं हलायची न्हाय. घरात बसून कुणाचं तोंड बघू, म्हणायची. लहान चणीची. पेडलला पाय पुरायचा न्हाय म्हणून वाकळंच्या तुकड्याची एक गादी शिवलीती, ती पाठीमागं घालायची आणि दोन्ही पायांनी पेडल दाबायची. लग्नानंतर एकदा तिनं मी सांगायच्या आदीच पाय काढला आणि माझं नख गेलं. रक्त बघून तिलाच चक्कर आली. एका हातानं मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. तवापासनं विचारल्याशिवाय तिनं कधी पेडल सोडलं न्हाय.

"अवो, सोडू?"

मी काय बोललो न्हाय की थोडं थांबून परत, "अवो, सोडू?" कवा कवा मी मुद्दाम गप पडायचो. मग आवाज चढायचा. "अवो, हाईसा का गेलासा?" मी खाली हसत बसायचो आणि मग म्हणायचो, सोड.

ती गेली त्याला दोन पावसाळं झालं. पोरगा पुण्यात, अनेकांत त्याचं नाव, सून सोनल तिथंच नोकरीला. दोघंबी चांगली हाईत, माझी काय तक्रार न्हाय. "आप्पा, एकटं राहू नका, शेड देऊन टाका," हे त्याचं दर फोनला. शेवटी मी हो म्हणालो. शेजारच्या फौंड्रीवाल्याला शेड द्यायचं ठरलं. हातात एकच काम उरलं, केरबाची जीप. ती गेली की मीबी पुण्याला जायचं, असं ठरलं हुतं.

२

केरबा बिद्रीचा. ऊस, म्हशी आणि बापाच्या येळची जीप. ती रस्त्यावर आणायची न्हाई, निस्ती शेतात वैरण ओढायला. तिचं इंजिन पार खलास झालतं. त्यानं भंगारातनं एका पिकअपचं इंजिन उचललं, ट्रॉलीत घालून माझ्या दारात आणलं आणि म्हणाला, "अण्णा, हे तिच्यात बसवा."

"आणि गिअरबॉक्स?"

"तो जुनाच ऱ्हाऊ दे. त्याच्यावर माझा हात बसलाय."

"मर्दा, इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. बोल्टाची भोकं तरी जुळत्यात का बघितलंस?"

"जुळत असती तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? सोयरीक तुमीच जमवायची."

त्याला चहा पायजे हुता. दोन कप प्याला, म्हशीच्या आजारपणाचं सगळं सांगितलं आणि गेला. बोलका गडी. तो गेल्यावर शेड लईच मोठं वाटलं.

असल्या कामात मधी एक जाड प्लेट लागती. एका अंगाची भोकं इंजिनाची, दुसऱ्या अंगाची गिअरबॉक्सची. भोकं पाडायला काय, कुणीबी पाडंल. खरं दुखणं मधल्या गाळ्यात. इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत आला पायजे. केसभर हुकला तर शाफ्ट बेअरिंग खातो आणि गाडी रडत पळती. मी प्लेट कापली, लेथवर घेतली, शाफ्टच्या टोकाला बसणारा गनमेटलचा बुश, तांबूस धातूचं बारकं कडं, नवा केला. सगळं बसवून डायल, म्हणजे केसभर फरकबी दावणारं काट्याचं घड्याळ, लावला आणि इंजिन हातानं फिरवलं. काटा जागचा हलंना. इतकं सरळ काम माझ्या हातनं लई दिवसांत झालं नव्हतं. बोलवून दाखवावं असं जवळ कोण न्हवतं, म्हणून मीच काट्याकडं बघत बसलो.

प्लेटच्या जाडीनं गिअरबॉक्स मागं सरकला. म्हणजे गिअरची दांडीबी मागं आली, आणि तिच्यासाठी जीपच्या तळाच्या पत्र्याला नवीन भोक पाडावं लागलं, तळव्याएवढं. दांडी सगळ्यात शेवटी बसते. तवर ते भोक उघडंच. माझ्या शेडच्या छपरात एक पारदर्शक पत्रा हाय. त्याचा उजेड त्या भोकातनं खाली यायचा आणि मी गाडीखाली झोपलो की बरोबर छातीवर पडायचा, भाकरीएवढा.

३

सोमवार हुता. सोमवारी एमआयडीसीला सुट्टी. हातोडं बंद, भट्ट्या बंद, हायवेवरचा आवाज तेवढा येतो. मला सुट्टी आवडत न्हाय, म्हणून मी शेड उघडलं.

गिअरबॉक्स मागं गेल्यामुळं क्लचचा फोर्क कुठं टेकतोय ते बघायचं हुतं. फोर्क म्हणजे पेडल दाबल्यावर आत क्लच ढकलणारा लोखंडी हात. मी चाकाच्या फळीवर पडलो, गाडीखाली सरकलो, बॅटरी डाव्या हातात धरली आणि सवयीनं म्हणालो, "दाब."

फोर्क हलला.

मी हात घातला, बेअरिंग चाचपलं, सरळ बसलं हुतं. हात काढला. "सोड." फोर्क माघारी आला. बरं वाटलं. फळीवरनं बाहेर आलो, फडक्याला हात पुसत म्हणालो, "उतर आता. झालं."

कोण उतरलं न्हाय.

तवा ध्यानात आलं. माणूस इसरतो, त्यात काय एवढं. पायात चप्पल घालताना मी अजून तिची चप्पल बाजूला सारतो. पण मग भिंतीकडं लक्ष गेलं. पेडलपासनं फोर्कपतोर जाणारी दांडी अजून जोडलीच नव्हती. ती खिळ्याला टांगलेली हुती.

मी स्टुलावर बसलो आणि डोकं लावलं. फोर्कची स्प्रिंग नवीन हाय, बसताना सरकली असंल. सरकली तर सरकली. पण 'सोड' म्हटल्यावर माघारी कशी आली? शिवाय ती स्प्रिंग हातानं हलत न्हाय, मी परत खाली जाऊन दोन्ही हातांनी ओढून बघितली. अंगाला घाम फुटला, ती काय हलली न्हाय.

मग मी एक केलं, ते सांगायची लाज वाटत न्हाय. खाली पडून परत म्हणालो, "दाब."

छातीवरचा उजेड गेला. वरनं कुणीतरी भोकावर वाकावं तसा. आणि फोर्क हलला, सावकाश, पार शेवटपतोर.

मी भ्यालो का? भ्यालो की. पण खरं सांगायचं तर रडूबी आलं. दोन पावसाळ्यांत माझ्या शब्दाला पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली हुती.

४

दुसऱ्या दिवशी मी घरातनं वाकळंची गादी आणली. केरबानं जीपला जुन्या कारची सीट बसवून घेतलीती, पुढं-मागं सरकणारी. मी ती पार पुढच्या खाचेत आणली, पाठीला गादी लावली. वर तीच हाय, असं मी धरून चाललो हुतो. दुसरं कोण असणार?

सकाळी येऊन बघतोय तर गादी खाली पडलेली आणि सीट पार मागच्या खाचेत.

म्हटलं, जीप लोखंडी घोड्यांवर टेकवून उचललीय, मागं कलली असंल. पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोबर मधी. सीट पुढं घेतली, खाचेत अडकली का हलवून बघितली, गादी ठेवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्या मागच्या खाचेत मी बसून बघितलं. माझा पाय पेडलला पुरंना. आणि मी काय बुटका माणूस न्हवं. आमच्या घराण्यात समदी दारातनं वाकून आत येणारी.

तेवढं मला कळायला पायजे हुतं. कळलंबी हुतं. पण कळणं आणि मानणं ह्यात लई अंतर असतं.

काम तर संपलं हुतं. मग मी गिअरबॉक्स परत उतरवला. काय कारण नव्हतं. उतरवला, पुसला, चढवला, आणि खाली पडून म्हणालो, दाब. दुसऱ्या दिवशीबी तेच. दिवसभरात बोलायला दोनच शब्द, पण तेवढ्यावर घरी जाऊन भाकरी गोड लागायची.

केरबा आला तो तापूनच. "अण्णा, किती येळा उतरवतायसा? गेल्या आठवड्यात झालं म्हणालासा की."

"काटा हलतोय," मी म्हणालो. काटा हलत नव्हता.

"बघू तर," म्हणत तो सीटवर चढला. पेडलची दांडी तोवर मी जोडलीती. त्यानं सीटच्या कडंला सरकून पाय ठेवला आणि हसला. "लई हलकं केलंसा हो. पाय ठेवायच्या आदीच खाली जातंय." परत ठेवला. ह्या खेपेला हसला न्हाय. गुडघ्याकडं बघत बसला. मग सीटकडं बघितलं. "एवढी मागं का ओढलीसा? कोण बसतंय हितं?"

"कोण न्हाय."

"मग पाठीला गरम का लागतंय?"

तो खाली उतरला. मी चहाचं विचारलं तर म्हणाला, म्हशीची धार काढायचीय. दुपारी बाराला कुठली धार? दारातनं त्यानं सांगितलं, "सोमवारी ट्रॉली पाठवतो. झाली असू दे न्हायतर नसू दे, जीप घेऊन जातो."

५

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बोटं सापडली.

मी म्हणालो, दाब. उजेड गेला, फोर्क गेला. मी हात घातला. मी सोड म्हणालो न्हाय. मला पक्कं ठाऊक हाय, मी तोंड उघडलं न्हाय. आणि फोर्क माघारी आला.

दोन बोटं फोर्क आणि कवचाच्या मधी. त्या स्प्रिंगचा जोर मी मघाशी सांगितला. मी ओरडलो, "दाब, दाब." वरनं लगेच काय झालं न्हाय. थांबल्यासारखं वाटलं. मी काय करतोय ते बघत असल्यासारखं. मग सावकाश, अगदी सावकाश, फोर्क हलला आणि मी हात ओढून घेतला.

बोटं मोडली नव्हती. नखं काळी झाली. मी गाडीखालीच पडून हात छातीशी धरला, आणि भीतीच्या आदी मला संताप आला. माझा स्वभावच तसा हाय. अक्काताई म्हणायची, तुमाला यम न्यायला आला तर त्याच्याशीबी भांडशीला.

"इचारायचं असतंय," मी वर बघून ओरडलो. "आक्कल हाय का न्हाय? खाली माणसाचा हात असतोय. सोडायच्या आदी इचारायचं. 'सोडू?' म्हणायचं. म्हण. सोडू?"

'अवो' मात्र मी म्हणालो न्हाय. ते तिचं हुतं.

"सोडू?" मी परत म्हणालो, पोराला शाळंत शिकवतात तसं. आणि म्हणता म्हणता मीच अडलो. अक्काताईला हे शिकवायची गरज काय हुती? तिनंच तर हा नियम काढला. मग मी कुणाला शिकवत हुतो?

छातीवरचा उजेड तवा पुरता आला नव्हता, आणि पुरता गेलाबी नव्हता. तो हलत हुता.

६

फोनवर अनेकांत म्हणाला, "आप्पा, सोमवारी मी स्वतः येतो न्यायला. सोनलनं तुमची खोली लावून ठेवलीय. खिडकीतून बाग दिसते."

"बागेत काय करू मी?"

"लोक असतात तिथं. तुमच्या वयाचे. बोलाल कुणाशी तरी." मग म्हणाला, "आप्पा, तुम्ही बरे आहात ना? आवाज वेगळा येतोय."

सांगावंसं वाटलं. पण काय सांगू? आईच्या जागेवर कोणतरी बसतंय आणि मी त्याला बोलायला शिकवतोय, असं? "बरा हाय की," म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी हात घातला न्हाय. निस्ता खाली पडायचो. दाब म्हणायचो न्हाय, काय म्हणायचो न्हाय. तरी उजेड हलायचा. झाकायचा, जरासा फटीतनं यायचा, परत झाकायचा. एकसारखा, एका तालात. आवाज म्हणाल तर कायबी न्हाय.

शुक्रवारी दुपारी मी फळी जराशी मागं सरकवली आणि भोकाखाली डोळं आणून सरळ वर बघितलं.

पहिल्यांदा काळंच दिसलं. मग त्या काळ्यात हालचाल दिसली. भोक माझ्या तळव्याएवढं, आणि त्याच्या कडांना टेकून, सगळं भरून, एक तोंड हुतं. दात दिसलं न्हाईत. निस्तं ओठ. गोल व्हायचं, आवळायचं, परत गोल. बिनआवाजाचं.

मी फळी ढकलून बाहेर आलो. सीटवर कोण न्हवतं. भोक उघडं, त्याच्यातनं खालची फरशी दिसत हुती. शेड बंद केलं, घरी आलो आणि आरशासमोर उभा राहून म्हणून बघितलं. सोडू. सोडू. माझं ओठ तसंच हुत हुतं.

७

सोमवारी अनेकांत दुपारी आला. गाडी दारात लावली, शेडभर नजर फिरवली. आई गेल्यावर तो शेडमध्ये पाऊल टाकत न्हाय, दारातच उभा राहतो. "चला आप्पा, जेवून निघू. अंधाराच्या आत सातारा गाठू."

"केरबाची ट्रॉली येतीय. एवढी गिअरची दांडी बसवतो. दहा मिनटं."

"मी फोन करून घेतो तोवर," म्हणून तो दारातनं बाजूला झाला.

दांडी माझ्या हातात हुती. ती वरनं बसते. रबराच्या टोपीसकट बसवली की भोक बंद. खाली जायचं काय काम नव्हतं. मी सकाळपासनं मनाशी घोकून आलतो, वरनं दांडी बसवायची, चार बोल्ट आवळायचं, कुलूप लावायचं आणि पोरासंगं जायचं. पुण्यात खोली हाय, बाग हाय. शेडात जे काय हाय ते शेडातच ऱ्हाऊ दे.

आणि मग मी त्या रिकाम्या सीटकडं बघितलं. पुण्यात मला दाब म्हणायला काय असणार हुतं? अनेकांतच्या गाडीला तर क्लचच न्हाय. दोनच पेडल. तो मला सोन्यासारखा ठेवील, पण कामाच्या मधी माझ्या शब्दाची वाट बघणारं तिथं कोण नसणार.

दांडी बाकावर ठेवली आणि मी फळीवर पडलो. एकदाच, म्हटलं. शेवटचं.

उजेड छातीवर पडला. मी काळ्या नखांचा हात वर केला. "दाब."

उजेड गेला. फोर्क शेवटपतोर गेला. मी हात आत घातला, मनगटापतोर. ही चूक धंद्यातलं नवं पोरगंबी करणार न्हाय. वर कोण बसलंय ते ठाऊक नसताना हात घालायचा नसतो. मी घातला आणि थांबलो.

बाहेर अनेकांतचं फोनवर बोलणं चालू हुतं. वर काय हललं न्हाय. मग भोकातनं, माझ्या छातीपासनं हातभर अंतरावरनं, आवाज आला.

"अवो, सोडू?"

तिचाच आवाज. जराशी सर्दी असल्यासारखा, शेवटच्या अक्षराला उचललेला. सोडू मी शिकवलं हुतं. अवो मी शिकवलं नव्हतं. ते त्या जीपमध्ये, त्या शेडात, माझ्या तोंडातनं एकदाबी गेलं नव्हतं.

दारात पावलं वाजली. गाडीखालनं मला अनेकांतचं पांढरं बूट तेवढं दिसत हुतं. "आप्पा, झालं का?" म्हणत ते आत आलं, फरशीवरनं सरळ जीपकडं आलं, सीटच्या बाजूला येऊन उभं राहिलं. आणि तिथंच राहिलं. मग एक बूट मागं गेला, मग दुसरा, न वाजता, दारापतोर.

"आप्पा," तो म्हणाला. लहानपणी ताप आल्यावर हाक मारायचा तसा आवाज. "आप्पा, बाहेर या. वर बघू नका, तसेच बाहेर या."

मी जाऊ शकलो असतो. फोर्क दाबलेला हुता, हात मोकळा हुता. निस्ता हात काढायचा, सोड म्हणायचं आणि फळी पोराच्या दिशेनं ढकलायची. मला सगळं कळत हुतं. सीट मागच्या खाचेत हाय हे कळत हुतं, गादी खाली पडलीय हे कळत हुतं, आणि माझा पोरगा दारात वाट बघत उभा हाय हेबी कळत हुतं.

"अवो, सोडू?"

उत्तर दिलं की विचारणं संपणार हुतं. मी हात तिथंच ठेवला आणि गप पडून राहिलो, पूर्वी मुद्दाम पडायचो तसा.

थोडं थांबून तिनं परत विचारलं.